कपात मोठ्यानं, शिल्लक उपरण्याखाली

परवा दुपारी भाजी निवडत बसले होते आणि मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. माझ्या पेन्शनच्या खात्यातून एकशे अठरा रुपये गेले होते आणि कशापायी, तर पुढं चार इंग्रजी अक्षरं. मी मेथी तशीच टाकली, चप्पल पायात सरकवली आणि थेट बँक गाठली. काउंटरवरचा पोरगा भला होता बिचारा. म्हणाला, "आजी, ते सिस्टीमनं कापलंय." मी म्हटलं, बाळा, सिस्टीमला मी ओळखत नाही, मला माणूस दाखव. तो हसला. मला मात्र हसू येईना. मी स्वतः एकतीस वर्षं बँकेत लेजर लिहिलंय, आणि माझ्याच खात्यावर काय पडलंय हे मला कळू नये? घरी येईपर्यंत माझी चिडचिड चालू होती. आणि मग घरापाशी आल्यावर एकदम ओव्हाळ साहेब आठवले. डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू.

दशरथ ओव्हाळ. कळंबच्या शाखेत ते आमचे शाखाधिकारी होते. बँकेचं नाव घेत नाही; छोटी सहकारी बँक होती, पुढं ती दुसऱ्या बँकेत गेली, तिची पाटीसुद्धा राहिली नाही. मी बार्शीची. लग्न होऊन कळंबला आले आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी त्या शाखेत चिकटले. शाखेत बाई मी एकटीच. गडी लोक काउंटरपाशी आले की माझ्याकडं पाहून आधी खाकरायचे, मग टोपी नीट करायचे, मग काम सांगायचे.

साहेब मूळचे तामलवाडीचे. उंच, काळेसावळे, पांढरा बुशशर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती काडी सात वर्षांत बदलली नाही. खांद्यावर उपरणं. बुशशर्टावर उपरणं हे काही शोभत नव्हतं, पण त्या उपरण्याला काम होतं, ते सांगते पुढं.

त्यांची मोठी अडचण म्हणजे आवाज. त्यांना हळू बोलताच येत नसे. त्यांनी कुजबूज केली तरी ती स्टँडवर ऐकू जायची. केबिनमधून "बाई, ते व्हाउचर आणा" म्हणाले की बाहेर रसवंतीवालासुद्धा वळून बघे. आणि या आवाजाच्या माणसाची सवय काय, तर प्रत्येक कागद वाचून दाखवायचा. खातं उघडायचं असो, नाहीतर पासबुक हरवलेलं असो, सहीआधी किंवा अंगठ्याआधी साहेब स्वतः बाहेर येत, कागद धरत आणि पहिल्या ओळीपासून वाचत. बँक कशाचे पैसे घेणार, किती घेणार, कधी घेणार. पासबुकाचे आठ आणे, चेकबुकाचा एक रुपया, खातं वर्षाच्या आत बंद केलं तर दोन रुपये. वाचून झालं की कागद पाठीमागं धरायचे आणि म्हणायचे, "आता तुमी सांगा."

समोरच्यानं ते परत सांगायचं. नीट सांगता आलं तर अंगठा. नाही आलं तर पुन्हा पहिली ओळ. मग तो शेतकरी असो, मास्तर असो की अडत दुकानदार. एका मास्तरांनी तणतणत सांगितलं की मी बी.ए. आहे, मला वाचता येतं. साहेब म्हणाले, वाचता येतं ते दिसतंय गुरुजी, कळलं का ते बघतोय. मास्तरांना खातं बंद करायचे दोन रुपये आठवले नाहीत. पाठीमागच्या रांगेतल्या मेंढक्यानं सांगितले.

लोकांनी त्यांचं नाव पाडलं "फोडून सांगा". फोडून सांगा साहेब आले, फोडून सांगा साहेब गेले. मला तर आधी त्यांचा संतापच यायचा. बाजाराच्या दिवशी रांग दारातून रस्त्यावर, माझं लेजर अर्धं, आणि हे आपले "आता तुमी सांगा". घरी जाऊन मी नवऱ्याजवळ रोज कुरकुर करायचे.

कपात अशी सगळ्या बाजाराला ऐकवायची. शिल्लक मात्र नाही. एखाद्यानं "माझे किती हायत?" विचारलं की साहेब तोंड मिटत. वाचता येणाऱ्याला पासबुक उघडून समोर धरत. वाचता न येणाऱ्यासाठी उपरणं. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात ना, पाहणाऱ्याला कळू नये म्हणून, तसंच. साहेब उपरणं हातावर टाकत, समोरच्याचा हात त्याखाली घेत आणि बोटं दाबून शंभर, दहा, एक सांगत. आमच्या भागात ती बोटांची भाषा शेंबड्या पोरालाही येते. मी एकदा विचारलं, हे काय नाटक? तर म्हणाले, "पैसा त्यांचा हाय, ती त्यांची खासगी गोष्ट. कपात बँकेची हाय, ती गावानं ऐकावी."

आता यात एक गोष्ट होती, तीही सांगायला हवी. ओव्हाळ साहेब बौद्ध. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतलेली. त्या काळी कळंबात काहींना त्यांच्या हातून पासबुक घेणंही जड जायचं. टेबलावर ठेवा म्हणायचे, उचलून घेतो. साहेब ठेवायचे. आणि शिल्लक कळायची तर हात द्यावा लागे. जवळच्या एका गावचे म्हातारे पाटील होते, त्यांना अक्षरओळख नव्हती. पोरांवर विश्वास नव्हता, म्हणून पोरांकडून वाचून घ्यायचं नव्हतं. साहेबांनी उपरणं टाकून हात पुढं केला. पाटील उभेच. मी लेजरमध्ये मान घातली, पण लेखणी थांबली होती माझी. बऱ्याच वेळानं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हात उपरण्याखाली घातला. काम झालं, निघाले. पुढच्या महिन्यात आले ते थेट साहेबांपुढं जाऊन हात पुढं करून उभे राहिले. साहेब यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि नवऱ्याजवळची माझी कुरकुर कमी झाली.

बँकेबाहेरही तेच. चहा सांगितला की आधी विचारणार, साखर जास्त मागितली तर जादा किती? माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी बँडवाल्याला गाठलं आणि विचारलं, वरात अर्धा फर्लांग लांबली तर काय घेणार, पाऊस आला तर काय घेणार, आणि नवरदेवाचे मित्र "अजून एक गाणं" म्हणाले तर ते कुणाच्या नावावर? बँडवाला हैराण झाला. पण सकाळी पैशावरून भांडण झालं नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. माझे सासरे पुढं प्रत्येक कार्याला म्हणायचे, ओव्हाळांना आधी बोलवा.

ही खोड लागली कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी तामलवाडीत वस्तीची पत्रं तेच वाचायचे. एकाच्या पत्रात लिहिलं होतं, भाऊ फार आजारी आहे, ताबडतोब निघा. त्या माणसाच्या घरी त्याच दिवशी बारसं होतं. साहेबांनी दया येऊन ती ओळ गाळली, म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो निघाला, पण भाऊ गेलेला. "तवापासून," साहेब म्हणाले, "म्या कुणासाठी ओळ गाळत न्हाय. चांगल्यासाठी बी न्हाय." एवढं सांगून ते भाकरी खायला बसले, शेंगदाण्याची चटणी पुढं केली, आणि विषय संपला.

असा हा माणूस. आणि चूक झाली ती त्यांच्याच हातून. माझ्याही हातून.

दुष्काळात कळंब निम्मं रिकामं झालं. कुणी खडी फोडायला, कुणी उसाच्या पट्ट्यात, कुणी मुंबईला. धनगरांनी मेंढरं घेऊन नदीकाठ धरला. अशातच धाराशिवच्या आमच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. ज्या खात्यावर तीन महिने व्यवहार नाही, त्यावर दरमहा तीन रुपये देखभाल आकार. सूचना फलकावर लावावी आणि अंमल करावा. साहेबांनी फलकावर तर लावलंच, वर तीन बाजार दारातल्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय जात होतं? त्यांची खाती चालू होती. ज्यांची पडून राहणार होती ते बहुतेक सगळे गाव सोडून गेलेले. हे तेव्हा ना साहेबांच्या ध्यानात आलं ना माझ्या. दर महिन्याच्या एक तारखेला मी लाल शाईनं त्या खात्यांवर तीन-तीन रुपये टाकत गेले. त्रेचाळीस खाती. हात इतका सरावला की नावंसुद्धा वाचत नव्हते.

दोन वर्षांनी पाऊसपाणी बरं झालं, माणसं परतू लागली. दिवाळी झाल्यावर एक दिवस पारूबाई देवकते आली. धनगराची बाई, चाळिशीची, हातात काठी, पायांना भेगा पडलेल्या. जाताना तिनं कळपातली काही मेंढरं विकून तीनशे सहा रुपये आमच्याकडं ठेवले होते, कारण साहेबांनी सगळं वाचून दाखवलं होतं आणि तिनं ते एका दमात परत सांगितलं होतं. मला आठवत होतं ते. नदीकाठी रोगानं तिची उरलेली मेंढरं मेली. आता तिच्या दिरानं भूमकडच्या एका मेंढपाळाकडून पाच गाभण मेंढ्या तिच्यासाठी धरून ठेवल्या होत्या, साठ रुपयाला एक. अमावास्येपर्यंत थांबतो म्हणाला होता तो माणूस, मग बार्शीच्या व्यापाऱ्याला देणार. पाच मेंढ्यांवर तिला पुन्हा कळप उभा करायचा होता. हे सगळं तिनं काउंटरशी उभ्या उभ्या सांगितलं, खुशीत होती.

साहेबांनी उपरणं टाकलं. तिचा हात घेतला. मी बघत होते. तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, पुन्हा धरा. साहेबांनी पुन्हा बोटं दाबली. दोन, चार, सहा. तिनं हात काढून घेतला.

"सायेब, एक मेंढी कमी हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी लेजर उघडलं आणि पान त्यांच्यापुढं केलं. लाल शाईच्या वीस ओळी, सगळ्या माझ्या अक्षरातल्या. साहेबांनी तिला परिपत्रकातली ओळ वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही वळ तवा का वाचली न्हाय?"

तवा ती नव्हतीच, असं मी सांगायला गेले, तर साहेबांनी हातानं थांबवलं. "तुमी हितं नव्हता. म्या गावाला वाचली, तुमाला न्हाय. चूक माझी हाय," असं ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज माझ्या टेबलापुढं गेला नाही.

त्यांनी खिशातून स्वतःचे साठ रुपये काढले. पगारातली केवढी तरी रक्कम होती ती. मीसुद्धा पर्स उघडली. पारूबाईनं दोघांकडं असं पाहिलं की मला पर्स मिटावीशी वाटली.

"तुमची मेंढी नको मला. माझी द्या," म्हणाली. आणि दाराशी जाऊन बसली.

अमावास्येला अकरा दिवस होते. साहेबांनी तिला अमावास्येच्या आदल्या दिवशी यायला सांगितलं आणि मला म्हणाले, बाई, त्रेचाळीस खात्यांची यादी करा. ते रात्रभर झोपले नसावेत. सकाळी डोळे लाल होते.

आधी पत्र लिहिलं. उत्तर आलं की नियमानुसार सूचना फलकावर लावलेली असल्याने आकार योग्य आहे. दुसरं लिहिलं, उत्तरच नाही. दिवस चालले होते. मला वाटायचं, एवढ्या साठ रुपयांपायी हा माणूस नोकरी घालवून बसेल. मुलं शिकत होती त्यांची. मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, साठ रुपयांचं असतं तर म्या खिशातून भागवलं असतं की, बाईनं घेतले न्हायत, बरं केलं तिनं.

अमावास्येला तीन दिवस असताना संचालकांची बैठक होती. साहेब एसटीनं धाराशिवला निघाले आणि लेजर सोबत पाहिजे म्हणून मलाही घेतलं. अख्खं लेजर मी मांडीवर धरून येरमाळ्याच्या घाटातून गेले, वर लोकांची गाठोडी, खाली कोंबड्या. पोचेपर्यंत पाय बधिर झाले माझे.

बैठकीत साहेबांना दहा मिनिटं दिली. तिथं ते पुस्तकी मराठी बोलायचे, अगदी स्वच्छ. मुख्य अधिकारी वैतागले होते. एका बाईच्या साठ रुपयांसाठी संचालक मंडळ बसवायचं का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "एका बाईचे नाहीत, साहेब. त्रेचाळीस खाती आहेत. परवानगी असेल तर वाचून दाखवतो." आणि परवानगी यायच्या आत वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, किती कापले, आणि खातेदार तेव्हा कुठं होता. शिल्लक एकाचीही सांगितली नाही. तो आवाज त्या बंद खोलीत कसा वाजला असेल बघा. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला.

एकोणिसावं नाव अध्यक्षांच्या आईचं होतं.

अध्यक्षांचं गाव कळंबजवळचं, म्हातारीचं खातं आमच्याकडं. साहेबांनी ते नाव त्याच सुरात वाचलं, वीस महिन्यांचे साठ रुपये वाचले, "खातेदार त्या काळात घरी, अंथरुणावर" असं वाचलं, आणि विसाव्या नावाकडं वळले. यादी मी केली होती, खात्याच्या क्रमानं. ते नाव त्यात आहे हे मला लिहिताना दिसलं होतं, तोंडातून शब्द काढला नव्हता मी. साहेबांनी आधी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. मी कधी विचारलं नाही.

अध्यक्षांनी हात वर केला. विचारलं, आईला हे कुणी सांगितलं होतं का?

"नाही. कळंबच्या फलकावर लावलं होतं," साहेब म्हणाले.

अध्यक्ष चष्मा काढून पुसत बसले. एका संचालकानं घसा साफ करून म्हटलं की उद्या सगळेच परत मागतील. साहेब म्हणाले, ज्याला सांगून कापलं तो मागणार नाही, ज्याला न सांगता कापलं त्यानं मागायलाच पाहिजे. मग म्हणाले की आणखी एक विनंती आहे. नियम ठेवायचा तर ठेवा, बँकेलाही पोट आहे. पण खातेदाराला स्वतः सांगितल्याशिवाय आणि त्यानं परत सांगितल्याशिवाय नवीन कपात सुरू करायची नाही. आणि या त्रेचाळीस खात्यांबद्दल मला लेखी ठपका द्यावा, कारण सांगायचं काम माझं होतं.

असा माणूस पाहिलाय कुणी, स्वतःवर ठपका मागणारा? मुख्य अधिकाऱ्यांनी तो आनंदानं दिला. पण ठरावही झाला. त्रेचाळीस जणांचे पैसे परत जमा, आणि नवी पद्धत फक्त कळंब शाखेपुरती, एक वर्ष बघून मग पुढचं. परत येताना घाटात साहेब म्हणाले, बाई, ठपक्याचं पत्र जपून फाइल करा, हरवू नका. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी पारूबाई शाखा उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसली होती. मी काळ्या शाईनं साठ रुपये जमा टाकले. साहेबांनी तिचा हात घेतला आणि तीन, शून्य, सहा सांगितले. आभार वगैरे तिच्या स्वभावात नव्हते. म्हणाली, ती वळ आता वाचा. साहेबांनी परिपत्रकाची ओळ वाचली, नवा ठराव वाचला. तिनं सगळं परत सांगितलं, न अडखळता, बाजारातली माणसं ऐकत असताना. मग तीनशेची स्लिप भरायला सांगितली.

मी म्हटलं, बाई, सहा रुपये कशाला ठेवता, सगळेच न्या, खातं बंद करून टाका.

"राहू द्या," म्हणाली. "पुढं लोकर विकली की आणून टाकीन."

आणि काठी उचलून चालू पडली. साहेब दारात उभे राहून ती वळणापर्यंत जाईतो बघत होते. त्या हिवाळ्यात पैसे परत मिळालेल्या त्रेचाळीस जणांपैकी चौघांनी खातं बंद केलं, बाकीच्यांनी ठेवलं. वर्षभरानं पद्धत सगळ्या शाखांना लागू झाली. ठिकठिकाणच्या शाखाधिकाऱ्यांनी ओव्हाळ साहेबांना भरपूर शिव्या दिल्या, कारण आता सगळ्यांनाच वाचत बसावं लागत होतं.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते येडशीच्या फलाटावर. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. मी तोवर धाराशिवला मुख्य कार्यालयात बदलून गेले होते. माहेराहून येताना अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं येडशीला उतरले. समोरच्या रुळावर बार्शीकडं जाणारी गाडी क्रॉसिंगला उभी होती, ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. पोरं, गाठोडी, कोयते, शेळ्यासुद्धा. आणि त्या गलक्यावर मला तो आवाज ऐकू आला.

साहेब थकले होते. केस पांढरे, चष्म्याची दुसरी काडीही आता दोऱ्याची. हातात कागद आणि वही. प्रत्येक डब्यापुढं थांबून, आपल्या खातेदारांना नावानं हाक मारून, सहा महिने गावाबाहेर राहिलं तर खात्याचं काय होईल ते वाचत होते. आतून लोक परत सांगत होते, काही हसत, काही चिडवत. एक पोरगी खिडकीतून सगळं पाठ म्हटल्यासारखं म्हणाली आणि तिच्या बापानं तिच्या पाठीत कौतुकानं धपाटा घातला. साहेब वहीत खूण करत आणि पुढच्या डब्याकडं जात. बँकेनं त्यांना इथं पाठवलं नव्हतं. रविवार होता.

गाडीनं शिट्टी दिली आणि हलली, तेव्हा एक नवराबायको डोक्यावर गाठोडी घेऊन धावत आले आणि शेवटच्या डब्यात चढले. साहेबांनी ओळखलं त्यांना. ते गाडीबरोबर चालू लागले, मग पळू लागले, आणि पळता पळता वाचत होते. छोटी गाडी ती, सायकलवाला मागं टाकेल अशी, पण साहेबांचं वय साठीला आलेलं. बाई दारात वाकून कानाला हात लावून ऐकत होती. इंजिनाच्या आवाजात तिला काही कळलं नाही. तिनं मान हलवून नाही म्हटलं. फलाट संपला. साहेब थांबले.

मी जवळ गेले तर धापा टाकत होते. मला पाहून आनंदले, पण आधी वही उघडून त्या दोघांची नावं लिहिली, पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाई, कपात आता मुख्य कार्यालयातनं पडते, हे उद्या तिथं द्या. या दोन खात्यांवर सहा महिने काही धरायचं न्हाय."

मी म्हटलं, अहो साहेब, तुम्ही तर सांगितलंत, फलाट संपेस्तोवर सांगितलंत.

"म्या सांगितलं," ते म्हणाले. "त्यांना ऐकू गेलं न्हाय."

मी ती चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर चहाच्याही आधी ती नेऊन दिली, आणि पुढचे सहा महिने दर एक तारखेला त्या दोन खात्यांची पानं स्वतः काढून बघितली. दोन्ही पानांवर लाल शाईची एकही ओळ नव्हती.